बादलीभर पाणी आणि एव्हरेस्ट

जानेवारीतली पहाट. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या एखाद्या गावात शिरा. सांदवाडीत तीन दगडांवर जर्मनचा गंज चढलेला असतो, बूड काळंकुट्ट, भोवती धूर. आत गॅसची शेगडी आहे. चहा आणि घाईची भाजी तिच्यावरच होते. आंघोळीचं पाणी मात्र बाहेर, लाकडावर. सिलिंडर पाण्यापायी कोण जाळणार?

घरच्या बाईचा हा हिशेब चुकीचा नाही. पाण्याइतकी उष्णता गिळणारं घरात दुसरं काहीच नसतं. २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४३ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात. आकडा रुक्ष वाटत असेल तर असं बघा : तेवढीच ऊर्जा बादली उचलायला लावली, तर बादली साडेदहा किलोमीटर उंच जाईल. म्हणजे एव्हरेस्टच्याही वर! आणि आपण ती रोज सकाळी दोन-चार मिनिटांत अंगावर ओतून मोकळे होतो.

आता आणखी गंमत. एवढी उष्णता साधारण १३० ग्रॅम सुक्या लाकडात असते. मूठभर काटक्या, बस्स. मग गंजाखाली किलोभर लाकूड का जळतं? कारण तीन दगडांच्या चुलीत दहातला जेमतेम एखादा भाग पाण्यात उतरतो. बाकीची आच गंजाला वळसा घालून आभाळात जाते.

ते किलोभर लाकूड जंगलातून डोक्यावर येतं. सरपण, मोहफुलं किंवा तेंदूपत्ता आणायला गेलेलं माणूस वाघाच्या तावडीत सापडल्याची बातमी या भागाला नवी नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून जंगलालगतच्या गावांत गॅस पोचू लागला. स्वयंपाकाचा भार त्याने हलका केला, गंज मात्र जागचा हलला नाही.

यावरचा तोडगा आपल्या आज्यांच्या न्हाणीत उभा होता : बंब. मधोमध नळकांडं, त्यात विस्तव, भोवती पाणी. आच कुठूनही निसटू पाहो, तिला पाण्याला खेटूनच जावं लागतं. शिवाय नळकांड्यातली तापलेली हवा वर धावते आणि खालच्या जाळीतून ताजी हवा ओढून घेते, त्यामुळे फुंकणीची गरजच नाही. काटक्या, तुऱ्हाट्या, करवंट्या, काहीही चालतं. हल्लीच्या काही बंबांत तर वरून तांब्याभर थंड पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडतं. थंड पाणी जड म्हणून तळाशी जातं आणि हलक्या गरम पाण्याला वर ढकलतं.

स्टीफन्सन यांच्या १८२९ च्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनाची करामतही हीच होती : बॉयलरच्या पाण्यातून तांब्याच्या २५ नळ्या, आणि नळ्यांमधून धावणारी आच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात याच्या उलट, नळ्यांत पाणी आणि बाहेर आग. २,९२० मेगावॅटचा तो पसारा आणि न्हाणीतला बंब एकाच कुळातले आहेत, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्टने ताडोबाच्या आसपासच्या गावांत काटक्यांवर चालणारे असेच बंब दिले. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. तिने कुणाची सवय मोडली नाही, काडीपेटीही हिसकावली नाही. विस्तव फक्त गंजाखालून उचलून पाण्याच्या पोटात ठेवला.

स्वयंपाकातही पाण्याचा उष्णता गिळण्याचा हाच हट्ट. उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवा, वरण शंभर अंशांच्या फारसं पुढे जात नाही. वाफ तेवढी जास्त उडते. आणि एक लिटर पाणी आटवायला ते २० अंशांवरून उकळीला आणण्याच्या जवळपास पावणेसातपट उष्णता लागते. म्हणून झाकण ठेवा, आच बारीक करा.

आणि माळ्यावर आजीचा बंब धूळ खात असेल, तर मोडीत घालू नका. उघड्यावर ठेवून पेटवा, बंद न्हाणीत नको; तिथे धूर जिवावर बेततो. आधी पाणी भरा, मगच काडी ओढा. रिकामा बंब तापला की त्याचे सांधे सुटतात.