तंबूने सांभाळलेला गवई

सर्कशीने इतर कलांना काय दिलं, यावर लिहा असं संपादकांनी सांगितलं. आधी आठवला राज कपूरचा 1970चा ‘मेरा नाम जोकर’. मग स्ट्राविन्स्की, 1942 साली सर्कशीतल्या हत्तींच्या नाचासाठी पोल्का रचणारा. आणि शिल्पकार काल्डर, पॅरिसमध्ये 1926पासून तारेची, चिंध्यांची इवलीशी सर्कस घडवून स्वतःच्या हाताने खेळवणारा. या सगळ्यांनी सर्कशीकडून घेतलं. आपल्याकडे मात्र एका सर्कशीने अख्खा गवई पोसला.

अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी इटालियन सर्कसवाल्या किआरिनीशी ईर्षा बांधली आणि 1880 साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. हे अश्वविद्येतले पंत ग्वाल्हेरच्या उस्ताद हद्दूखाँकडे गाणंही शिकले होते, हे फार थोड्यांना.

हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ. गळा दैवी, पण चित्त थाऱ्यावर नसे, त्यात अफूचं व्यसन. वडिलांमागे ते भरकटले. पंतांनी गुरुपुत्राला जवळ आणलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. खाणंपिणं, औषधपाणी, लहरी, सारं सांभाळलं. त्यांच्या बैठकी घडवून आणल्या. पंत गेल्यावर बंधू काशिनाथपंतांनी ती जबाबदारी उचलली. ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेले खाँसाहेब 1922 साली कुरुंदवाडला वारले. अब्दुल करीमखाँच्या गायकीवर त्यांची दाट छाया पडली. म्हणजे त्यांच्या किराणा घराण्याच्या सुरातही त्या तंबूचा वाटा आहे.

उतारवयात त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवयाने भोंग्यासमोर गायचं, आवाजाच्या कंपनाने सुई मेणावर रेघ कोरायची, आणि तीनेक मिनिटांत राग आटपायचा. तरी खरखरीतून तो बारीक, उंच सूर वर येतो, तेव्हा मी हातातलं काम टाकून बसतो.

चिंता इथेच सुरू होते. लाखेच्या त्या तबकड्या ठिसूळ, आणि वाजवाव्या तितक्या झिजणाऱ्या. तिकडे सर्कसही आटते आहे. वाघसिंहांचे खेळ बंद झाले, ते योग्यच झालं; पण मैदानाचं भाडं, गाड्या, माणसांचे पगार हे तिकिटांतून भागवणं जड जातं. पांढुर्णा-सौंसरसारख्या लहान गावी तंबू आणायचा, तर हिशेब आणखी अवघड.

म्हणून जुन्या सर्कशींच्या खर्चाच्या वह्या, हस्तपत्रकं, पत्रव्यवहार जिथे असतील तिथून आताच गोळा करायला हवेत. आपल्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला घराण्यांच्या वंशावळींइतकीच त्यांचीही गरज आहे.