शाईची ओळ, पेन्सिलीची ओळ

सकाळी ६.१५

फेब्रुवारीतला मंगळवार. रात्रभर भुरभुरलेला बर्फ गाडीच्या काचेवर घट्ट बसला आहे. तो खरवडून गाडी काढेपर्यंत बोटं बधिर होतात. मध्य न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर आहे. नववी ते बारावीची साधारण अडीचशे मुलं माझ्या वाट्याला येतात. वर्षभर काम असतंच, पण फेब्रुवारी ही आमची सुगी. पुढच्या वर्षी कोण कोणता विषय घेणार, हे याच महिन्यात ठरतं. मुलांनी मागितलेल्या विषयांवरून किती वर्ग, किती शिक्षक, कोणत्या खोल्या हे सगळं बांधलं जातं. सप्टेंबरात येऊन ‘मला बदलून द्या’ म्हणणाऱ्याला बहुतेकदा जागा उरलेली नसते.

सकाळी ७.००

शाळा भरायला अजून चाळीस मिनिटं आहेत. हा वेळ बारावीच्या मुलांच्या हिशेबाचा. प्रत्येकाची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे नववीपासूनच्या विषयांची आणि श्रेणींची नोंद, उघडायची आणि ओळीओळीनं क्रेडिटं मोजायची. एखादा विषय वर्षभर रोज एक तास शिकला की ५ क्रेडिटं, अर्ध्या वर्षाची अडीच. न्यू जर्सीत हायस्कूल डिप्लोमासाठी किमान १२० लागतात. इंग्रजीची २०, म्हणजे चारही वर्षं. गणित १५, विज्ञान १५, समाजशास्त्र १५. त्यातली १० अमेरिकेच्या इतिहासाची. आरोग्य आणि शारीरिक शिक्षण दर वर्षी पावणेचार. कला ५, दुसरी भाषा ५, व्यवसाय-तंत्र शिक्षण ५ आणि पैशाच्या व्यवहाराचं शिक्षण अडीच. या सगळ्यांची बेरीज साडेसत्त्याण्णव होते. उरलेली साडेबावीस मुलानं आपल्या आवडीनं भरायची.

मुलांसोबत चार वर्षांचा आराखडा करते तेव्हा मी दोन गोष्टी वापरते. राज्याला हवं ते निळ्या शाईनं लिहिते आणि मुलाच्या वाट्याच्या ओळी पेन्सिलीनं. शाईची ओळ कुणालाच खोडता येत नाही. पेन्सिलीच्या ओळीवर मात्र पहिला हक्क मुलाचा.

हा हिशेब रोज सकाळी करण्यामागे एक कारण आहे. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका मुलाची अडीच क्रेडिटं माझ्या नजरेतून सुटली. पैशाच्या व्यवहाराचा तो अर्ध्या वर्षाचा विषय त्यानं केलाच नव्हता. लक्षात आलं तेव्हा मे उजाडला होता. जूनमध्ये मैदानावर त्याचे मित्र टोपी-गाऊन घालून एकेक करून मंचावर गेले आणि तो आईशेजारी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होता. उन्हाळ्याच्या वर्गात विषय पुरा करून ऑगस्टमध्ये त्याला डिप्लोमा मिळाला. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. ते अजून बोचतं.

सकाळी ८.१०

अकरावीतली एक मुलगी अर्ज घेऊन येते. पुढच्या वर्षासाठी पाच एपी: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, कॉम्प्युटर सायन्स ए, इंग्लिश लिटरेचर आणि यू. एस. गव्हर्नमेंट. एपी म्हणजे कॉलेज बोर्डाचे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट विषय, शाळेत बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा अभ्यास. मे महिन्यात परीक्षा होते आणि १ ते ५ मध्ये गुण मिळतात. आमच्याकडे एपीमधला ‘ए’ सरासरीत ४ ऐवजी ५ धरतात, म्हणून मुलं त्याकडे शिडीसारखं बघतात.

मी तिच्यापुढे चोवीस चौकटींचा कागद ठेवते. एक चौकट म्हणजे एक तास. “तुझा पुढच्या वर्षीचा एक साधा मंगळवार भर. झोप सगळ्यात शेवटी.” ती भरत जाते. शाळा, ऑर्केस्ट्रा, जेवण, धाकट्या भावाला क्लासहून आणणं. मग एकेका विषयाचा अभ्यास. किती वेळ लागतो ते तिनं वरच्या वर्गातल्या मैत्रिणींना विचारून ठेवलंय. शेवटी झोपेला साडेचार चौकटी उरतात. ती कागदाकडे बघत राहते.

“मिस, एक काढला तर कॉलेजला काय वाटेल?”

मी तिला सांगते, ट्रान्स्क्रिप्टसोबत आम्ही शाळेची माहिती पाठवतो. या शाळेत कोणते अवघड विषय मिळतात, हे कॉलेजला त्यावरून कळतं. तू काय काय घेऊ शकत होतीस आणि त्यातलं काय निवडलंस, ते पाहतात. चार विषय नीट झाले तर ते चारही दिसतात. पाचव्यासाठी झोप गेली, तर पाचांवर परिणाम दिसतो.

ती खोडरबर मागते. कोणता विषय खोडायचा, हे मी सुचवत नाही.

सकाळी ९.४०

आजची सगळ्यात मोठी भेट. महिन्याभरापूर्वी नाशिकहून आलेलं कुटुंब. मुलगा तिकडे दहावी पास होऊन ज्युनिअर कॉलेजात सायन्सला गेला होता, अकरावीची पहिली सहामाही देऊन आला. आई टेबलावर प्लास्टिकची पिशवी रिकामी करते: दहावीची गुणपत्रिका, नववीचं प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला आणि खाकी कव्हर घातलेली दोन जर्नलं.

“मॅडम, ब्याण्णव टक्के आहेत त्याला,” वडील म्हणतात. “आता पुन्हा मागच्या वर्गात बसवणार का?”

“नाही बसवणार,” मी मराठीत म्हणते, तसे त्यांचे खांदे सैल होतात. आई लगेच ‘ताई’ म्हणू लागते.

मी गुणपत्रिका उलगडत जाते. आपल्याकडे गणिताचे दोन पेपर. भाग १ बीजगणित, ते इथल्या अल्जिब्रा वनच्या जागी. भाग २ भूमिती, ती जॉमेट्रीच्या जागी. गणिताच्या पंधरापैकी दहा क्रेडिटं तिथेच झाली. मराठीनं दुसऱ्या भाषेची जागा भरली. विज्ञानापाशी मी थांबते, कारण इथे प्रयोगशाळेतलं काम दाखवावं लागतं. तेव्हा आई ती जर्नलं पुढे सरकवते. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती, पेन्सिलीनं ओढलेल्या सरळ नामनिर्देशनाच्या रेषा, प्रत्येक प्रयोगाखाली बाईंची लाल सही आणि तारीख. मुलगा पहिल्यांदाच बोलतो, “ही रद्दीत द्यायची होती. आईनं ठेवली.” विज्ञान विभागाच्या प्रमुखांना दाखवायला मी दोन्ही जर्नलं ठेवून घेते. याहून चांगला पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

अडतं ते एका जागी. अमेरिकेचा इतिहास दोन वर्षांचा, १० क्रेडिटं, आणि याच्या हातात दीड वर्ष. म्हणून बारावीत इतिहासाचे दोन वर्ग एकाच वेळी घ्यावे लागणार. त्याशिवाय अकरावीच्या मुलांसाठी राज्याची डिप्लोमा-चाचणी असते, इंग्रजी आणि गणिताची. ती मार्चमध्ये आहे. त्यात कमी पडलाच तर एसएटीसारख्या परीक्षेचे गुण चालतात, तेही नसतील तर केलेलं काम दाखवून अपील करता येतं. एक दार बंद झालं म्हणून घाबरू नका, असं मी दोनदा सांगते.

वडिलांचा पुढचा प्रश्न एपीचा. शेजाऱ्यांचा मुलगा चार घेतोय. मी म्हणते, “आपल्याकडे बोर्डाचा निकाल लागतो आणि त्या एका कागदावर पुढचं ठरतं. मी साताऱ्यात बारावी केली, मला माहीत आहे. इथे चार वर्षांतली प्रत्येक सहामाही त्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये उतरते. याला आधी इथल्या वर्गात बोलायची, वेळेवर काम द्यायची सवय होऊ दे. बारावीत गणितात एक एपी घेऊन बघू. तिथे त्याचा पाया भक्कम आहे.”

आराखड्यावर शाईच्या ओळी जवळजवळ सगळा रकाना भरून टाकतात. खाली पेन्सिलीची एक ओळ मोकळी राहते. मुलाला म्हणते, “इथे काय लिहायचं ते तू सांगायचंस. विषयांची पुस्तिका घेऊन जा. शाळा सुटताना ये.”

सकाळी ११.३५

डबा उघडते तेवढ्यात दारात बारावीतला एक मुलगा. कॉलेज परवडेल का, या काळजीत गेलं वर्षभर तो गप्प गप्प असायचा. आमच्याशी करार असलेल्या काउंटी कॉलेजचे दोन विषय तो हायस्कूलमध्ये असतानाच करतोय. त्यातला मानसशास्त्राचा निकाल दाखवायला आलाय: ‘बी प्लस’. हे गुण थेट कॉलेजच्या नोंदीत गेले. तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरी केली, तर राज्यातली सरकारी विद्यापीठं ती पहिल्या दोन वर्षांसाठी धरतात. तसा करार आहे. एपीमध्ये सगळं मेमधल्या एका दिवसावर येतं. इथे सहामाहीभर केलेल्या कामाचं मोल होतं. धीम्या, सातत्यानं चालणाऱ्या मुलांना हा रस्ता मानवतो. पालकांच्या बैठकांत त्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं, म्हणून मी न विचारता सांगते.

दुपारी १.००

मिडल स्कूलमधून आठवीची मुलं शाळा बघायला आली आहेत. वाचनालयात त्यांना गणिताची वाट फळ्यावर काढून दाखवते. आठवीत अल्जिब्रा वन झालं असेल तर नववीत जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. नववीत अल्जिब्रा सुरू केलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस. म्हणजे बारावीतला विषय बारा-तेराव्या वर्षीच पुष्कळसा ठरून जातो. मुलांपेक्षा मागे उभ्या असलेल्या शिक्षिका जास्त लक्ष देऊन ऐकतात. मागून सुरू केलेल्या मुलांसाठीही वाटा आहेत: एपी स्टॅटिस्टिक्स, किंवा २०२३ पासून आलेलं एपी प्रीकॅल्क्युलस. एक चिमुरडी हात वर करते. “मला गणित आवडत नाही, तरी ग्रॅज्युएट होता येईल?” मी सांगते, “तीन वर्षं नेटानं कर. चौथं वर्ष तुझं.”

दुपारी २.२०

घंटा होते. कॉरिडॉरमध्ये लॉकरांची दारं धडाधड आपटू लागतात. नाशिकचा मुलगा त्या गर्दीतून वाट काढत येतो आणि आराखड्याचा कागद उलटा करून टेबलावर ठेवतो. पेन्सिलीच्या ओळीवर बारीक देवनागरीत लिहिलंय: सुतारकाम.

“आजोबांचं होतं दुकान,” तो म्हणतो. “तिकडे सायन्स घेतल्यावर हे कुठे बसणार होतं?”

शाईची यादी मी पुन्हा पाहते. व्यवसाय-तंत्र शिक्षणाच्या पाच क्रेडिटांची जागा मी सकाळी कॉम्प्युटरच्या एका विषयानं भरली होती. तो सोपा म्हणून. सुतारकामाचा वर्ग नेमक्या याच रकान्यात मोजला जातो. मी माझी शाईची ओळ खोडते आणि त्याचा शब्द तिथे लिहिते. खालची पेन्सिलीची ओळ पुन्हा मोकळी झाली. तो हसतो. “मग आता अजून एक?”

संध्याकाळी ७.००

शाळेच्या सभागृहात पालकांची विषय-निवड सभा. दोनशेच्या वर माणसं, ओल्या कोटांचा वास. मी ऑनर्स (शाळेचेच अवघड पातळीचे वर्ग), एपी, काउंटी कॉलेज यांतला फरक सांगते. काही शाळांत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) असतं. ते सहा विषयांचं, ४,००० शब्दांच्या निबंधाचं, ४५ गुणांचं पूर्ण दोन वर्षांचं बांधलेलं शिक्षण. आमच्याकडे ते नाही, हेही सांगते. एक गैरसमज दर वर्षी दूर करावा लागतो: एपी इंग्लिश घेतलं की ते त्या वीस क्रेडिटांतच धरलं जातं, वरचं म्हणून वेगळं मोजत नाहीत. आणि मेमधल्या परीक्षेत २ मिळाले तरी वर्षभरात वर्गात मिळवलेली श्रेणी कुणी काढून घेत नाही. कॉलेजात त्या परीक्षेचं क्रेडिट मिळायला ३ लागतात, ४ की ५, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं.

मागच्या रांगेत सकाळचे वडील उभे राहतात. इंग्रजी शब्द जुळवत विचारतात, “कमीत कमी किती एपी पुरे?”

डिप्लोमासाठी शून्य, मी सांगते. सभागृहात चुळबुळ होते. मग मी खिशातून तो चोवीस चौकटींचा कागद काढून वर धरते. आज रात्री घरी गेल्यावर मुलासोबत हा भरा, झोप शेवटी. जेवढे घेऊन झोपेला पुरेशा चौकटी उरतील, तेवढे एपी पुरे. वडील खाली बसतात आणि दारापाशी ठेवलेल्या गठ्ठ्यातला एक कागद जाताना घडी न घालता घेऊन जातात.

रात्री ९.३०

गरम भात आणि आमटी. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडते. पाच एपीवाल्या मुलीचा अर्ज आलाय, आता त्यात चार आहेत. गव्हर्नमेंट गेलं आणि ऑर्केस्ट्रा राहिला. सुतारकामाच्या वर्गाची मागणी बघते. चोवीस जागा, बावीस नावं. नाशिकच्या मुलाचं तेविसावं नाव घालते, नोंद जपली गेली का ते पुन्हा एकदा उघडून पाहते, आणि मग दिवा मालवते.