हात मोकळे नसतील तर?

अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बॉथेल नावाचे गाव आहे. या शतकाच्या आरंभी मायक्रोव्हिजन कंपनीचे काम तेथे चाले. तिने ‘नोमॅड’ हे डोक्यावर घालायचे यंत्र काढले. लाल लेसरचा किरण थेट डोळ्याच्या पडद्यावर अक्षरे रेखाटी. मोटार दुरुस्त करणाऱ्याला पुस्तक न उघडताच आकृती समोर दिसे.

वाचायची सोय झाली खरी, पण लिहायचे कसे? हाताला ग्रीस, पुढे मेज नाही. अंगावरच्या संगणकाची खरी अडचण आम्हांला हीच वाटते.

यावर तोड जुनीच आहे. १९६८ साली डग्लस एंगलबार्ट यांनी डाव्या हाताच्या पाच कळा दाखविल्या. दोन-तीन कळा एकदम दाबाव्यात, एक अक्षर उमटावे. पुढे मुठीत मावणारा ‘ट्विडलर’ आला. त्यावर चार बोटांसाठी बारा कळा. थॅड स्टार्नर १९९३ पासून अंगावर संगणक बाळगून वावरू लागले, तेही ट्विडलरवरच चालता चालता टिपणे घेत.

कळा जोडून अक्षर करायचे म्हणजे आपले जोडाक्षरच की! पण वाचकहो, घरी क्रिओल बोलणारी आपली मुले मराठी निरोपही रोमन लिपीत धाडतात, कारण तेच पटकन जमते. २०१३ साली मुंबईच्या आय.आय.टी.ने मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ काढले. ‘क’वर बोट ठेवताच भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते. बाराखडी पाठ नसलेल्या मुलालाही मात्रा डोळ्यांनी निवडता येते. आम्ही ते वर्गात एकदा लावून पाहणार आहोत.