दिवाणखान्यातील यंत्रांचा मेळ

दूरचित्रवाणी संच, त्याखाली सेट-टॉप बॉक्स, शेजारी ब्ल्यू-रे प्लेअर, रिसीव्हर, पाच-सहा स्पीकर आणि मागच्या पिढीने जिवापाड जपलेला रेकॉर्ड प्लेअर, एवढी सामग्री ज्या घरात आहे तेथेही चित्र उमटले तर आवाज नाही, आणि आवाज आला तर त्याचा ओठांच्या हालचालीशी मेळ नाही, असा अनुभव वारंवार येतो. या दुरवस्थेचे मूळ बहुधा एकाच गोष्टीत सापडते: संकेत कोठून निघतो, कोणत्या मार्गाने जातो आणि कोठे पोहोचतो, याची आखणी तारा जोडण्यापूर्वी कोणी केलेली नसते.

पेशवाईत परगण्या-परगण्यांचे हिशेब जसे पुण्याच्या हुजूर दफ्तरात रुजू होत, तसे घरातील प्रत्येक उगमयंत्राने आपले चित्र व ध्वनी प्रथम रिसीव्हरच्या स्वाधीन करावेत, आणि रिसीव्हरने चित्र पडद्याकडे व ध्वनी स्पीकरकडे रवाना करावा, ही व्यवस्था सर्वांत निर्वेध होय. म्हणून प्लेअर व सेट-टॉप बॉक्स यांच्या ‘आउट’मधून निघालेली एचडीएमआय तार रिसीव्हरच्या ‘इन’मध्ये, आणि रिसीव्हरच्या ‘आउट’मधील तार दूरचित्रवाणीत, हा क्रम कायम ठेवावा.

पूर्वी पिवळ्या, लाल व पांढऱ्या अशा तीन पिनांतून जे काम चाले, ते २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय मानकाने एकाच तारेवर सोपविले. परंतु दूरचित्रवाणी स्वतःच इंटरनेटवरून चित्रपट दाखवू लागली तेव्हा ध्वनी पडद्याच्या पोटात आणि स्पीकर बाहेर, असा नवा पेच उभा राहिला. त्यावर २००९ च्या १.४ आवृत्तीने ‘एआरसी’ नावाचा परतीचा मार्ग काढून दिला, ज्यायोगे त्याच तारेतून ध्वनी उलट दिशेने रिसीव्हरकडे येतो. ही मुभा दूरचित्रवाणीच्या सर्व खाचांना नसून सामान्यतः ‘एआरसी’ असे लिहिलेल्या एकाच खाचेला असते, आणि बहुतेक संचांत मेनूमधील ‘सीईसी’ची सोय चालू केल्याखेरीज ती अमलात येत नाही, हे ध्यानात न घेतल्यामुळे निर्दोष यंत्रेही दुरुस्तीस धाडली जातात. ब्ल्यू-रेवरील अस्सल बहुमार्गी ध्वनी याच वाटेने हवा असेल, तर २०१७ च्या २.१ आवृत्तीतील ‘ईएआरसी’ दोन्ही टोकांस असावे लागते. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ऑप्टिकल तार आजही उपयुक्त आहे; तिच्यातून संक्षेपित ५.१ ध्वनी जातो, पण ब्ल्यू-रेवरील मूळ, घट न झालेला बहुमार्गी ध्वनी तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

चित्राच्या मार्गावर परवान्याचीही तपासणी होते. ४के चित्रपट पाठविणारे यंत्र पुढच्या प्रत्येक टप्प्यावर बहुधा एचडीसीपी २.२ ची खातरजमा करून घेते, आणि मधला जुना रिसीव्हर तीत अनुत्तीर्ण झाला की पडदा काळा राहतो किंवा चित्राचा दर्जा खालावतो. अशा वेळी प्लेअर थेट दूरचित्रवाणीस जोडून ध्वनी एआरसीने परत आणावा.

रेकॉर्ड प्लेअरचा मामला मात्र निराळा आणि अधिक मनोज्ञ आहे. सुईखालच्या सर्वसाधारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा संकेत अवघा पाचएक मिलिव्होल्टचा, तर सीडी प्लेअरचा दोन व्होल्टपर्यंतचा. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम क्षीण व तार स्वर मुद्दाम प्रबळ केलेले असतात, आणि १९५४ मध्ये स्थिरावलेल्या आरआयएए वक्रानुसार ते पूर्ववत करावे लागतात. ही दोन्ही कामे ‘फोनो’ भाग करतो. तो रिसीव्हरमध्ये किंवा प्लेअरमध्ये नसेल तर स्वतंत्र फोनो प्रीॲम्प घ्यावा, अन्यथा जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या क्षीण व कर्कश ऐकू येतील आणि दोष विनाकारण तबकडीवर येईल. प्लेअरची बारीक अर्थिंगची तार रिसीव्हरच्या ‘जीएनडी’ स्क्रूला लावण्यास विसरू नये.

कारण स्पीकरमधून अखंड येणारी घरघर बहुधा अर्थिंगचीच तक्रार सांगत असते. दोन यंत्रांना दोन ठिकाणांहून भूसंपर्क मिळाला की त्यांच्यामध्ये वीजप्रवाहाचे वलय तयार होते, आणि आपल्याकडील विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेचा गुंजारव संगीतात मिसळतो. केबल टीव्हीची बाहेरून येणारी तार हे याचे नेहमीचे कारण. ती क्षणभर काढून पाहावी. घरघर थांबली तर केबलवाल्याकडून आयसोलेटर बसवून घ्यावा आणि सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणावीत. प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकणे हा प्राणाशी खेळ आहे. तो कदापि करू नये.

स्पीकरच्या तारांत लाल टोक लाल स्क्रूला आणि काळे काळ्याला, हा नियम पाळावा. एका स्पीकरची टोके उलटी लागली तर दोघांचा खर्ज परस्परांना मारतो. ओठ व आवाज यांतील अंतर रिसीव्हरच्या ‘लिप सिंक’मधून मिटविता येते.

यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी घरातील सर्व यंत्रांचा नकाशा कागदावर काढावा, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी, आणि सारी जोडणी घरातील वडीलधाऱ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांना समजावून द्यावी. कारण ज्या यंत्रणेचे ज्ञान एकाच माणसापाशी अडकून राहते, तिचा लाभ कुटुंबाला पुरता मिळत नाही.