आजीचा आवाज आणि तीन हजारांचा माइक

पहाटेच्या वेळी आजी देवघरापुढे बसून स्तवन म्हणते, तेव्हा घरातल्या कुणीतरी हळूच मोबाइल समोर ठेवलेला असतो. हेतू चांगला असतो. पुढे कधीतरी ते ध्वनिमुद्रण ऐकण्याचा प्रसंग येतो आणि मग कानांवर पडते ते छताच्या पंख्याची घरघर, स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी, रस्त्यावरून गेलेली दुचाकी आणि या साऱ्यांच्या मागे, विहिरीतून यावा तसा आजीचा आवाज. स्तवनाचे शब्द छापील पुस्तकांत सापडतात. चाल मात्र पुस्तकात नसते. ती आजीला तिच्या आईकडून, माहेरच्या गावातून आलेली असते आणि तिच्याबरोबरच जाण्याची भीती असते. म्हणून घरच्या घरी, बेताच्या खर्चात, आवाज नीट टिपण्याची विद्या कुटुंबातील एका तरी व्यक्तीने शिकून घ्यावी.

एके काळी हे काम किती अवघड होते, याची कल्पना आज येत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या गाण्याचे मुद्रण झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. विजेवर चालणारे मुद्रण १९२५च्या सुमारास आले आणि हळू गाणाऱ्या गळ्यालाही तबकडीवर जागा मिळाली. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला, आणि चांगला माइक स्वस्तात बनविण्याचा मार्ग खुला झाला.

बाजारात माइक घ्यावयास गेले की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो : डायनॅमिक की कंडेन्सर? डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते व ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. त्याला वेगळी वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि दोन-अडीच हजारांपासून बरा मिळतो. कंडेन्सर नाजूक, पण आवाजातील बारीक कंप, श्वास, शब्दांच्या कडा तो अधिक स्पष्ट टिपतो. त्याला वीज लागते. इंटरफेस नावाच्या छोट्या पेटीला जोडावयाच्या कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्ट द्यावे लागतात. असा माइक केवळ स्वस्त दिसला म्हणून आणून संगणकाच्या इअरफोनच्या छिद्रात खुपसला, तर त्यातून क्षीण, खरखरीत आवाज येतो आणि दोष माइकला दिला जातो.

डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट घेत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तो ओठांच्या अगदी जवळ धरून वापरला जातो, म्हणून गोंगाट मागे पडतो. कंडेन्सरही तितकाच जवळ आणला तर फरक पुष्कळ कमी होतो. खरा हिशेब अंतराचा आहे. अंतर दुप्पट झाले की गळ्यातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. चार फुटांवर ठेवलेल्या मोबाइलची गत हीच होते. महागडा माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवणे केव्हाही किफायतीचे.

एकच गळा टिपावयाचा असेल, तर यूएसबीने थेट संगणकाला जोडता येणारा तीन ते पाच हजारांचा कंडेन्सर पुरेसा आहे. आजीबरोबर पेटी वाजणार असेल आणि दोन्ही स्वतंत्र टिपावयाची असतील, तरच इंटरफेस व दोन माइक असा खर्च करावा. इंटरफेस साधारण पाच हजारांपासून पुढे मिळतो. खोक्यावर रंगीत दिवे, स्प्रिंगचा हात, आवाज बदलण्याची बटणे असे कितीही मिरविले असले, तरी ग्राहकाने एवढेच पाहावे : माइक ‘कार्डिऑइड’ आहे का, म्हणजे समोरचा आवाज घेऊन पाठीमागचा टाळतो का. तो तसा असल्यास त्याची पाठ खिडकीकडे किंवा पंख्याकडे करता येते. आणखी एक चूक फार दिसते. पुष्कळ कंडेन्सर माइक बाजूने ऐकणारे असतात, पण माणसे त्यांच्या टोकाकडे तोंड करून गातात. माहितीपत्रक वाचून पुढची बाजू कोणती, ते आधी ठरवावे.

माइक तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला असावा. ‘प्रभू’, ‘पार्श्व’ अशा शब्दांतला ‘प’ आणि पाठोपाठ ‘फ’, ‘भ’ हे वाऱ्याचा झोत सोडतात. त्याचा धप्पकन आवाज माइकवर आदळतो. त्यासाठी विकतची जाळी मिळते, पण भरतकामाच्या गोल चौकटीवर पातळ मोजा ताणून बसविला तरी काम भागते. माइक फार जवळ आला तर खर्जातला भाग फुगतो. वयामुळे पातळ झालेल्या आवाजाला त्याने थोडी ऊब येते. मात्र दोन बोटांवर आला की शब्द बोजड होतात.

आता खोली. रिकाम्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात. इंटरनेटवर अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला सापडतो. जैन घरात तो प्रश्नच उद्भवत नाही, आणि खरे पाहता त्याचा उपयोगही फारसा होत नाही. आवाज शोषून घेते ते जाड, मऊ कापड. या बाबतीत कापडाचा व्यापार करणाऱ्यांचे भाग्य थोर आहे. शटर खाली ओढल्यावर ताग्यांनी भरलेले दुकान ही उत्तम मुद्रणशाळाच असते. गादीवर बसून आजीला गातेही येते. तिथे फक्त इन्व्हर्टर आणि ट्यूबलाइटची गुणगुण तपासून घ्यावी. घरीच करावयाचे असेल, तर साड्यांचे कपाट उघडून त्याच्या समोर बसवावे, पाठीमागे गादी उभी करावी, पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करावेत आणि मोबाइल विमान-मोडवर टाकून लांब ठेवावा. पहाटेची वेळ इथेही बरी : रस्ता निजलेला असतो.

तानपुऱ्याचे अॅप स्पीकरवर लावले, तर त्याचा आवाज गळ्यात मिसळतो व पुन्हा वेगळा काढता येत नाही. तो हेडफोनमधून द्यावा. वडीलधाऱ्यांना दोन्ही कान झाकलेले सोसत नाहीत, तेव्हा एकाच कानाला लावावा. आवाजाची पट्टी ठेवताना सर्वांत उंच स्वर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आत राहील, असे पाहावे. शून्याला भिडलेला स्वर फाटतो आणि तो नंतर पूर्णपणे सांधता येत नाही. ‘वेव्ह’ स्वरूपात, २४ बिट व ४८ किलोहर्ट्झवर, एकाच वाहिनीत मुद्रण केल्यास तासाला सुमारे ५०० एमबी जागा लागते. आजच्या संगणकाला ती काहीच नाही. एमपी-३ ही पाठविण्यापुरती प्रत, मूळ नव्हे. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात व फाइलच्या नावातच तारीख, गाणाऱ्याचे नाव आणि स्तवनाचा पहिला शब्द घालावा.

यंत्राची तयारी आजी येण्याआधी पूर्ण व्हावी. तिच्यासमोर तारा जोडत बसले की ती संकोचते आणि आवाज आखडतो. पहिले स्तवन केवळ गळा मोकळा करण्यासाठी गाऊ द्यावे, पण तेही टिपून ठेवावे. पुष्कळदा तेच सर्वांत सुरेख निघते. ओळ विसरली तर थांबवू नये. ती स्वतःच म्हणेल, थांब, हे असं नाही, माझी आई असं म्हणायची, आणि मग ती दुसरी चाल लावील. गाणे संपल्यावरही लगेच बटण दाबू नये. अर्धा मिनिट खोलीची शांतता टिपली, की पुढे गुणगुण कमी करण्यासाठी नमुना मिळतो. त्या अर्ध्या मिनिटातच बहुधा आजी विचारते, "झालं का रे? पाणी दे जरा."