ब्रेकातली हवा

आमच्या मंगळवेढ्यात पुतण्यानं एक जुनी पद्मिनी गाडी घेतली आहे. जुनी माणसं तिला फियाटच म्हणतात. ही गाडी मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होत असे. ती कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. ते जन्मानं आपल्या सोलापूरचे. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ साली गेली. हौशी लोक मात्र ती अजून जपतात.

जपायची तर आधी ब्रेक जपावा. गाडी चालली नाही तर आपण घरी बसू. पण ती थांबलीच नाही तर?

बैल कासऱ्यानं थांबतो. या गाडीत ते काम तेल करतं. पायाखालचं पेडल दाबलं, की तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे ढकललं जातं. तिथं ते ब्रेकच्या पट्ट्या दाबून धरतं. तेल दाबलं तरी आक्रसत नाही. म्हणून पायाचा जोर चाकाला पोचतो.

हवा मात्र दबते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करा आणि दांडा दाबा. तो थोडा आत जातोच. नळीत हवा शिरली की ब्रेकचंही तसंच होतं. पेडल मऊ लागतं, पाय खाली जातो आणि गाडी पुढं!

ही हवा घरी काढता येते. माणसं दोन हवीत. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. टाकीत नवं ब्रेक ऑइल भरा. इंजिनाचं तेल चालत नाही. त्यानं आतली रबरं फुगतात.

सर्वांत लांबचं चाक आधी घ्यायचं. म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. चाकाच्या आतल्या बाजूला एक निप्पल असतं. त्यावर आरपार दिसणारी नळी चढवा. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलात बुडवा. चाकापाशी बसलेल्यानं म्हणावं, "दाबा." पेडलवाल्यानं दाबून सांगावं, "धरलंय." मग निप्पल जरा सैल करावं. तेलाबरोबर बुडबुडे येतील. पेडल खाली जाईल, ते तिथंच धरावं. निप्पल पुन्हा आवळून "सोडा" म्हटल्याशिवाय पाय उचलू नये.

माझी चूक इथंच झाली. पेडलवर मी होतो. घरातून चहाची हाक आली आणि मी पाय उचलला. निप्पल उघडंच होतं. हवा परत आत ओढली गेली. पुतण्या म्हणाला, "काका, पुन्हा पहिल्यापासून!" जन्मभर पोरांना "लक्ष द्या" म्हणणारा मी, काय बोलणार?

बुडबुडे थांबेपर्यंत असंच करायचं. मधूनमधून टाकी बघावी. ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते. काढलेलं तेल परत ओतू नये. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, नाहीतर रंग जातो.

हे तेल हवेतलं पाणीही ओढून घेतं. पुण्याला जाताना दिवे घाट उतरायचा असतो. सारखा ब्रेक दाबून तेल तापतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच दबते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावं.

शेवटी पेडल जोरानं दाबून मिनिटभर धरा. ते कडक राहिलं तर मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवून बघा. हळूहळू खाली गेलं तर कुठंतरी गळती आहे. मग गाडी बाहेर काढू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.