घरापर्यंत न पोहोचलेला 'सिनिस्टार'

नाटक रंगभूमीवर आले नाही, तरी त्याची संहिता उरते. पुस्तक बाजारात आले नाही, तरी छापलेले फर्मे कोठे तरी माळ्यावर पडून असतात. पण संगणकाच्या भाषेत रचलेला एखादा खेळ प्रकाशित होण्यापूर्वीच थांबला, तर मागे काय उरते? अमेरिकेतील अटारी कंपनीने १९८४ साली अर्ध्यावर सोडलेल्या 'सिनिस्टार' या खेळाच्या घरगुती आवृत्तीची हकीकत या प्रश्नाच्या उत्तरासाठी पाहण्यासारखी आहे.

मूळ खेळ शिकागोच्या विल्यम्स कंपनीचा. नाणे टाकून उभ्याने खेळावयाचे कपाटाएवढे यंत्र. १९८३ साली ते अमेरिकेतील व्हिडिओ गेमच्या दालनांत आले. खेळणाऱ्याचे चिमुकले यान अवकाशात फिरते. तरंगत्या खडकांवर मारा करून त्यांतील स्फटिक गोळा करावयाचे; प्रत्येक स्फटिकाचा एक बाँब होतो. परंतु तेच स्फटिक शत्रूचे कामकरीही पळवीत असतात आणि त्यांतून तुकड्यातुकड्याने एक राक्षसी मुखवटा उभारीत असतात. हाच सिनिस्टार. मुखवटा पुरा झाला की त्यात जीव येतो, आणि तो खेळणाऱ्याला भेकड म्हणून हिणवीत त्याच्या पाठीस लागतो. त्याच्या नाशासाठी १३ बाँब लागतात. तेवढे जवळ नसतील, तर पळण्यावाचून गत्यंतर नाही.

हे हिणवणे खरोखरच मानवी आवाजात होते. तो आवाज होता जॉन डोरेमस या शिकागोच्या नभोवाणी निवेदकाचा. ध्वनिक्षेपकापुढे ज्याचे आयुष्य गेले, अशा माणसाला राक्षसाचे काम मिळावे, यात मौज आहेच. पण त्या काळी यंत्राला बोलते करणे हे मोठे खर्चाचे काम होते. सिनिस्टारच्या मोजक्या वाक्यांसाठी मूळ यंत्रात चार किलोबाइटच्या चार चिप, म्हणजे एकूण १६ किलोबाइट जागा राखून ठेवावी लागली.

आता घरची बाजू पाहा. अटारीचे '२६००' हे यंत्र १९७७ साली आलेले. ते दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे आणि त्यात कार्ट्रिज खोचावयाची. आपल्याकडची मुले पुढे हिलाच 'कॅसेट' म्हणू लागली. या यंत्राची चालू स्मृती अवघी १२८ बाइट, म्हणजे एका बेताच्या इंग्रजी वाक्याएवढी. कार्ट्रिजमधील मजकूरही त्याला एका वेळी चार किलोबाइटच दिसे. संपूर्ण चित्र साठविण्यास जागाच नसल्यामुळे पडद्यावरची एकेक ओळ उमटत असतानाच ती रचावी लागे. एका ओळीच्या वेळात प्रक्रियकाची घटका फक्त ७६ वेळा पडे. हलत्या आकृत्या दोन, शिवाय दोन गोळ्या व एक चेंडू, एवढेच भांडवल. खडक, कामकरी, सैनिक, स्फटिक आणि मुखवटा एकाच वेळी हिंडविणारा खेळ या यंत्रावर आणणे म्हणजे पाच नटांत महाभारत उभे करण्यासारखे होते. आज्ञावलीकार आकृत्या आळीपाळीने दाखवून वेळ मारून नेत. त्यामुळे चित्र लुकलुके.

अटारीचे १९८२ सालचे '५२००' हे यंत्र अधिक समर्थ होते. त्याच्या कार्ट्रिजला ३२ किलोबाइट जागा मिळे. अर्थात मूळचे सारे बोलणे जसेच्या तसे घेतले, तर निम्मी जागा त्यातच जाणार. मूळ खेळाचा दांडा ४९ स्थानांत फिरे. '५२००'चा दांडाही कोणत्याही कोनात वळणारा असल्यामुळे या खेळास सोयीचा ठरला असता; परंतु हात काढल्यावर तो आपोआप मध्यावर येत नसे, आणि याबद्दल ग्राहक त्रासलेले होते.

दोन्ही यंत्रांसाठी काम सुरू झाले आणि खेळता येईल इतके पुढेही गेले. त्याचा घात तांत्रिक अडचणींनी केला नाही. तो बाजाराने केला. १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. त्याच वर्षी सप्टेंबरात अटारीने न खपलेल्या मालाचे ढीग न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत गाडले. २०१४ साली ते उकरून काढण्यात आले. १९८४ च्या जुलैमध्ये वॉर्नर कंपनीने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रामिएल यांना विकला. त्यांचे लक्ष संगणकांकडे होते. सिनिस्टार तेथेच राहिला.

उरल्या त्या नमुन्याच्या चिप. त्यांच्या पाठीवर काचेची लहानशी खिडकी असते; तीतून अतिनील किरण गेले की आतला मजकूर पुसला जातो, म्हणून तीवर कागद चिकटवितात. तरीही आतला विद्युत्भार वर्षानुवर्षे झिरपत असतो. अशी एकुलती चिप बंद पेटीत ठेवून तिची किंमत वाढण्याची वाट पाहणारा संग्राहक वस्तू राखतो, परंतु खेळ गमावतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सिनिस्टारचे नमुने वेळीच उतरवून घेतले गेले, म्हणून आज ते संगणकावर चालवून पाहता येतात.

मूळ खेळ घरी यावयास मात्र १९९६ साल उजाडावे लागले. विल्यम्सच्या जुन्या खेळांचा संग्रह प्लेस्टेशनसाठी निघाला. त्यात जुन्या यंत्राचीच आज्ञावली नव्या यंत्रावर चालविली होती; त्यामुळे डोरेमसचा आवाजही तेरा वर्षांनी दिवाणखान्यात ऐकू आला.